झोन दाखला आणि भाग नकाशा: वेळेत मिळणारी, पण नेमके न सांगणारी सेवा

नगरपरिषदेच्या हद्दीतली जमीन घ्यायची, विकायची, वाटायची किंवा तिच्यावर घर बांधायचे ठरले की दोन कागद काढावे लागतात. पहिला झोन दाखला, म्हणजे आपला गट किंवा सर्व्हे नंबर मंजूर विकास योजनेत कोणत्या विभागात येतो याचे लेखी उत्तर. दुसरा भाग नकाशा, म्हणजे त्या योजनेच्या मोठ्या नकाशातला आपल्या जमिनीपुरता उतारा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, वडिलार्जित जमिनीच्या वाटपासाठी, आम्हा भावंडांना हे दोन्ही कागद काढावे लागले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. नगरपरिषदेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. कारण जे दोष सांगायचे आहेत ते त्या कार्यालयातल्या माणसांचे कमी आणि दाखल्याच्या पद्धतीचे अधिक आहेत.

आधी चांगले ते सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू झाल्यापासून हे दोन्ही कागद अधिसूचित सेवांमध्ये मोडतात. झोन दाखल्याला सात दिवसांची आणि भाग नकाशाला तीन दिवसांची मुदत आहे. अर्जासोबत चालू सातबारा, गट नकाशाची प्रत आणि ठरलेले शुल्क एवढेच लागले. पोच मिळाली, पोचेवर मुदतीची तारीख होती आणि त्या तारखेच्या आत कागद हातात पडले. खिडकीवरच्या लिपिकाने सातबारावरचा गट नंबर आणि विकास योजनेतला जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ स्वतः रजिस्टर काढून लावून दिला, जे त्याचे काम होते असे म्हणता येईल, पण हे काम अर्जदाराच्या माथी मारणारी कार्यालये ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याची किंमत कळेल. वेळ, शुल्क आणि वागणूक या तीन बाबतींत तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती कागदात काय लिहिले आहे याबद्दल. आमच्या दाखल्याचा मजकूर एका वाक्यात मावतो: सदर गट मंजूर विकास योजनेनुसार अंशतः निवासी विभागात, अंशतः शेती विभागात समाविष्ट असून अंशतः १२ मीटर रुंद प्रस्तावित रस्त्याने बाधित होतो. त्यात चुकीचे काही नाही. मात्र निवासी क्षेत्र किती, शेतीचे किती आणि रस्त्यात किती जाते, यांपैकी एकही आकडा त्यात नाही. वाटपासाठी, किंवा विक्रीच्या किमतीसाठी, नेमके तेवढेच हवे असते. जमीन कोणत्या तीन विभागांत विभागली आहे हे तर भिंतीवर टांगलेल्या नकाशावर बोट ठेवूनही दिसले असते.

मग भाग नकाशाकडे वळावे, तर अडचण आणखी खोल आहे. नगराच्या विकास योजनेचा नकाशा १:४००० प्रमाणाचा असेल, तर त्यावरची एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर चार मीटर रुंदीची होते. दोन विभागांमधली हद्द आमच्या गटातून सुमारे ८० मीटर लांबीने जाते. म्हणजे ती हद्द रेघेच्या या कडेने धरायची की त्या कडेने, एवढ्या प्रश्नावर ३२० चौरस मीटर, सुमारे तीन गुंठे, इकडचे तिकडे होतात. प्रमाण १:१०,००० असेल तर तोच प्रश्न आठ गुंठ्यांवर जातो. हद्दीबाहेरच्या खेड्यांना लागू असलेल्या प्रादेशिक योजनेचा नकाशा तर त्याहून लहान प्रमाणाचा असतो. १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर, ज्यात एखाद्याचे सगळे शेत रेघेच्या जाडीखाली झाकले जाईल. नगराच्या कडेला निवासी गुंठा आणि शेतीचा गुंठा यांच्या भावात किती अंतर असते हे वेगळे सांगायला नको.

भर पडते ती दोन नकाशांच्या न जुळण्याची. विकास योजना ज्या आधार नकाशावर काढली जाते तो, आणि भूमी अभिलेखाकडचा गट नकाशा, हे एकमेकांवर ठेवले तर बांध बांधावर बसतीलच असे नाही. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, पुढे हिस्से पडले, फाळणी नकाशे झाले किंवा व्हायचे राहून गेले, आणि योजनेच्या नकाशावर मात्र जुनेच नंबर राहिले. त्यामुळे भाग नकाशावर आमच्या गटाची जी आकृती दिसते तिची एक बाजू मोजणीच्या क प्रतीतल्या, म्हणजे भूमी अभिलेखाकडून मिळणाऱ्या मोजणी नकाशातल्या, बाजूशी जुळत नाही. कोणती खरी, असे विचारले असता मिळालेले उत्तर होते, ‘साहेब, ते परवानगीच्या वेळी बघू.’ परवानगीच्या वेळेपर्यंत वाटप, मुद्रांक शुल्क, कर्ज आणि वास्तुविशारदाचे पैसे हे सगळे होऊन गेलेले असते.

या संशयावर नियमांत उपायच नाही असे नाही. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी व्यवहारात यूडीसीपीआर या आद्याक्षरांनीच ओळखली जाते, प्राधिकरणाला काही स्वेच्छाधिकार दिलेले आहेत. विभागाच्या हद्दीविषयी शंका किंवा वाद असेल तर ती ठरवून देणे, जागेवरचा रस्ता आणि नकाशातला रस्ता यांत फरक असेल तर तरतुदीचा अर्थ लावणे, विभागाची रेघ एखाद्या भूखंडाला मधोमध चिरत असेल तर त्या हद्दीत फेरबदल करणे, हे अधिकार त्यात लेखी आदेशाने वापरायचे आहेत. तरतूद शहाणपणाची आहे. परंतु दाखल्याच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही, दाखल्यावर तिचा उल्लेख नाही आणि ज्याला तिची गरज आहे त्या शेतकऱ्याला ती अस्तित्वात आहे हे कळण्याचा मार्गही नाही. स्वेच्छाधिकार जितका कमी लोकांना माहीत, तितका तो ओळखीपाळखीने वापरला जाण्याचा संभव अधिक, हे कोणत्याही कार्यालयाला लागू आहे.

यूडीसीपीआरबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण दाखल्यातल्या एका शब्दामागे तिची प्रकरणेच्या प्रकरणे उभी असतात. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या या नियमावलीने एक मोठे काम केले. त्याआधी महापालिकांचे नियम निरनिराळे, नगरपरिषदांचे वेगळे, प्रादेशिक योजनांचे वेगळे, अशी स्थिती होती. शेजारच्या दोन गावांत सामासिक अंतराचे, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेचे, हिशेब वेगळे असत. आता बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे अधिसूचित क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेली क्षेत्रे, लोणावळा आणि आणखी काही अपवाद वगळता एकच पुस्तक राज्यभर चालते. वास्तुविशारदांना आणि विकासकांना याचा फायदा नक्की झाला. सामान्य जमीनधारकाला किती झाला, हा प्रश्न आहे. मंजूर मूळ मजकूर इंग्रजीत आहे, एका नियमातून दुसऱ्या नियमाकडे बोट दाखवणारे संदर्भ पावलोपावली आहेत, आणि मंजुरीनंतर इतके फेरबदल निघाले आहेत की छापील प्रत हातात घेऊन बसलेल्याने आधी ती कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे हे पाहावे.

निवासी विभागाचेच उदाहरण घ्या. दाखल्यात ‘निवासी’ असते, नियमावलीत मात्र आर-१ आणि आर-२ असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला फरक नकाशावरच्या रंगाने ठरत नाही, तर भूखंडासमोरच्या रस्त्याच्या रुंदीने ठरतो: दाट वस्तीत नऊ मीटर, तिच्याबाहेर बारा मीटर ही सीमारेषा. कोणत्या प्रकारची दुकाने, दवाखाने, कार्यालये चालतील हे या प्रकारावर अवलंबून असते. चटई क्षेत्र निर्देशांकाचेही, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्या प्रमाणाचेही, तसेच. दाट वस्तीबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला मूळ निर्देशांकावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन भर घालता येत नाही. आमच्या जमिनीसमोर आज आहे तो बैलगाडीच्या काळापासूनचा वहिवाटीचा रस्ता. बारा मीटरचा रस्ता योजनेत आहे, जागेवर नाही. तेव्हा आज अर्ज केला तर आमची जमीन कोणत्या प्रकारात धरणार, प्रस्तावित रस्त्याची जागा नगरपरिषदेकडे सोपवल्यावर त्यात काय बदलणार, आणि शेजारच्याने त्याच्या वाट्याची जागा सोपवली नाही तर काय, हे खरे प्रश्न आहेत आणि दाखला त्यांच्या आसपासही फिरकत नाही.

शेती विभागाबाबत गैरसमज उलट्या दिशेने होतो. तेथे शेतीखेरीज काही करता येत नाही, असे समजून लोक पडेल भावाने जमिनी विकून मोकळे होतात. नियमावली पाहिली तर त्या विभागात शेतघर, रोपवाटिका, कुक्कुटपालन, शीतगृह, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय अशी लांबलचक यादी निरनिराळ्या अटींवर अनुज्ञेय आहे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापर्यंत, अधिमूल्य भरून, निवासी विकासालाही वाव आहे. ज्यांना हे माहीत असते ते घेणारे असतात आणि ज्यांना माहीत नसते ते विकणारे. अशा व्यवहारात फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, कारण नियम राजपत्रात प्रसिद्ध आहेत. दाखल्याच्या मागच्या कोऱ्या पानावर त्या विभागातल्या अनुज्ञेय वापरांची यादी मराठीत छापायला शाईशिवाय काही खर्च नाही, तरी ती छापलेली नसते.

दाखल्याच्या तळाशी मात्र एक ओळ असते, की हा दाखला इतर कायद्यांच्या तरतुदींस अधीन राहून देण्यात येत आहे. त्या एका ओळीत फार मोठा पसारा लपला आहे. आमच्या गटाच्या एका अंगाला ओढा आहे आणि तो पुढे नदीला मिळतो, म्हणून पूररेषेचा प्रश्न आलाच. जलसंपदा विभाग जी निळी रेषा आखतो ती साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित. नियंत्रित पट्ट्यात बांधायचे तर जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे जे घडले त्यानंतर या रेषांची थट्टा करण्याची कोणाची छाती नाही. तरीही दाखल्यावर पूररेषेचा उल्लेख होता का? नव्हता. ती आखली गेली आहे की नाही, एवढेदेखील नव्हते. जुन्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र, किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र), महामार्गाची नियंत्रण रेषा, लष्करी आस्थापनांची बंधने, ही सगळी माहिती वेगवेगळ्या कार्यालयांच्या दारात विखुरलेली आहे, आणि ‘निवासी’ हा शब्द वाचून आनंदलेला माणूस त्यांतल्या एकाही दाराशी जात नाही.

काळाचा प्रश्न स्वतंत्रच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे योजना एका दिवशी मंजूर होऊन गोठत नाही. प्रारूप प्रसिद्ध होते, तीस दिवसांत हरकती-सूचना घेतल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते, मग शासन मंजुरी देते. आणि त्या मंजुरीतही जेथे शासनाला मोठे बदल करायचे असतात ते तुकडे वगळलेला भाग म्हणून मागे ठेवले जातात. असा वगळलेला भाग पुढे कित्येक वर्षे लोंबकळत राहू शकतो. नंतर कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल चालूच असतात. आरक्षण असेल, म्हणजे जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली असेल, तर दहा वर्षांत संपादन न झाल्यास कलम १२७ खाली सूचना देता येते आणि त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. यांतली कोणती गोष्ट आपल्या जमिनीबाबत सध्या चालू आहे हे दाखल्यावर यायला हवे. आमच्या दाखल्यावर योजनेच्या मंजुरीची तारीख तेवढी होती. त्यानंतर त्या भागात फेरबदलाचा प्रस्ताव आहे की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते.

प्रारूपावर विसंबणाऱ्यांचे काय होते हे गेल्या दहा-बारा वर्षांत दोनदा दिसले. मुंबईचा २०१५ मधला प्रारूप विकास आराखडा चुकांच्या गदारोळात मागे घ्यावा लागला आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. पुणे महानगर प्रदेशासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा रद्द करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. मधल्या काळात त्या रंगीत नकाशांवर किती इसारपावत्या झाल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. शेजारच्या गोव्यात तर उलटा प्रकार आहे: तेथे नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) घालून, प्रादेशिक योजनेतल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली, एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट काढली गेली, २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिला आवर घातला. एकूण काय, नकाशावरचा रंग हा त्या दिवशीचा रंग असतो, आणि दाखल्याने तो दिवस व त्यानंतरच्या हालचाली स्पष्ट लिहिल्या नाहीत तर वाचणारा त्याला कायमचा समजून बसतो.

महसूल खात्याच्या नियमांमुळे या अस्पष्टतेची किंमत आता वाढली आहे, ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-अ ते ४२-ड आल्यापासून, अंतिम विकास योजनेत जो वापर दाखवला आहे त्या वापरासाठी वेगळ्या अकृषिक परवानगीच्या फेऱ्या कमी झाल्या. ठरलेली रक्कम भरली की जमीन त्या वापरासाठी रूपांतरित मानली जाते. सोय उत्तम आहे. पण याचा अर्थ असा की पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात ज्या शंकेची कोणीतरी छाननी करत असे, ती शंका आता झोन दाखल्यातच सुटायला हवी. ती रक्कम नेमक्या किती चौरस मीटरवर भरायची हे जर दाखला सांगत नसेल, तर सोयीचे दार उघडे असूनही माणूस उंबऱ्यावर अडतो.

हे असे असण्याखेरीज गत्यंतर नाही काय, तर तसे नाही. मुंबई महापालिका ऑनलाइन अर्जावर देत असलेला विकास योजना २०३४ चा अभिप्राय शेजारी ठेवून पाहावा. त्यात नगर भूमापन क्रमांक, विभाग, अस्तित्वातील व प्रस्तावित रस्ते, आरक्षणे, अस्तित्वातील सुविधा हे वेगवेगळ्या रकान्यांत येते, आणि त्याच कागदात जलवाहिनी, मलवाहिनी, जमिनीची पातळी यांविषयीचे अभिप्रायही जोडलेले असतात. तो कागद वाचायला सोपा आहे असे नाही आणि मुंबईच्या जमिनींचे प्रश्न त्याने सुटले असेही नाही. परंतु विचारणाऱ्याला पुढे काय विचारायचे हे त्यातून कळते. नगरपरिषदांकडे मुंबईइतकी माणसे नाहीत हे मान्य. अनेक ठिकाणी एका रचना सहायकावर सगळा विभाग चालतो. तरी छापील नमुन्यात चार रकाने वाढवणे हे मनुष्यबळाचे काम नाही. नगररचना संचालनालयाने एकदा बसून नमुना ठरवायचा आहे.

गुण द्यायचेच झाले तर मुदत आणि वागणुकीला पाचपैकी साडेचार, भाग नकाशाला दोन आणि दाखल्याच्या मजकुराला दीड. कोणाला हा दाखला पुरेल? ज्याची सगळी जमीन एकाच विभागात, गावाच्या मध्याकडे, रुंद रस्त्यावर आणि पाण्यापासून दूर आहे त्याला. ज्याच्या गटातून विभागाची हद्द किंवा योजनेतला रस्ता जातो त्याने मात्र साधा छापील अर्ज देऊन थांबू नये. आधी मोजणी करून क प्रत घ्यावी, ती अर्जाला जोडावी आणि अर्जातच लेखी विचारावे: प्रत्येक विभागाखालील क्षेत्र किती, रस्त्याने बाधित क्षेत्र किती, पूररेषा आखली आहे काय, या गटाबाबत वगळलेला भाग किंवा कलम ३७ चा प्रस्ताव प्रलंबित आहे काय, आणि हद्दीबाबत शंका असल्यास स्वेच्छाधिकाराखाली ती निश्चित करून मिळावी. तोंडी उत्तरावर काहीही ठरवू नये. मुदतीत उत्तर आले नाही तर लोकसेवा हक्क कायद्याखाली प्रथम अपील कार्यालयातल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येते.

आम्ही असा दुसरा अर्ज केला. रस्त्याने बाधित क्षेत्राचा आकडा मिळाला, प्रलंबित प्रस्ताव नसल्याचे लेखी मिळाले. पूररेषेसाठी जलसंपदा विभागाकडे जाण्यास सांगण्यात आले, आणि निवासी-शेतीची हद्द निश्चित करण्याची विनंती वरिष्ठ कार्यालयाच्या मार्गदर्शनासाठी पाठवल्याचे कळवण्यात आले. ते मार्गदर्शन अद्याप आलेले नाही. थोरल्या ताईच्या सूचनेवरून वकिलांनी वाटपपत्रात तो वादाचा पट्टा तूर्त सर्वांच्या नावे सामाईक ठेवला आहे आणि हद्द ठरल्यावर तो ज्याच्या वाट्याला येईल त्याने इतरांना काय द्यायचे याचे कलम घातले आहे.